ड्रॅगनला विचारतंय कोण!

रविवारी सकाळी, दाढीचा साबण एका गालावर वाळत असताना, बापू कॉम्प्युटरसमोर उभे राहून ओरडले, "अहो आजोबा, ते कळलं हो मला! पण का? का नाही जायचं?"

हे आजोबा बापूंचे नव्हेत. ते पडद्यावरच्या एका गावात विहिरीपाशी काठी टेकून उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक शूर वीराला "उत्तरेकडे जाऊ नका, तिथे धोका आहे," एवढं एकच वाक्य ऐकवत होते. बापूंनी परतपरत विचारलं, परतपरत तेच. मघाशी दरोडेखोरांनी निम्मं गाव जाळलं, तेव्हाही आजोबा जागचे हलले नव्हते आणि वाक्यही बदललं नव्हतं.

आता, ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. रोल प्लेइंग गेम म्हणजे असा गेम, की ज्यात आपण एक पात्र व्हायचं, गावोगाव हिंडायचं, माणसांशी बोलायचं, सामान गोळा करायचं आणि सरतेशेवटी कुठल्यातरी राक्षसाला लोळवून जग वाचवायचं. बापूंना हे गेम जिवापाड आवडत. आणि जी गोष्ट जिवापाड आवडते तिच्यात माणसाला जितक्या उणिवा दिसतात, तितक्या शत्रूतही दिसत नाहीत. वीराने दार न वाजवता लोकांच्या घरात शिरायचं आणि त्यांचे रांजण फोडून आतली नाणी खिशात घालायची, हे बापूंना खपत नसे. वीराच्या एकाच झोळीत अकरा तलवारी, दोन चिलखतं आणि एक शिडी मावते, हेही खपत नसे. पण सगळ्यात मोठं दुखणं हेच होतं. माणसाला दुसऱ्यांदा विचारलं तर त्याने दुसरं काहीतरी बोलावं की नाही?

"भावोजी, गेम खेळताय की जनगणना करताय?" दारातून मेहुणा आत आला. मेहुण्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे तो कुठेही गेला तरी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर डोकावत असे. "त्या म्हाताऱ्याला सोडा आणि जा की उत्तरेकडे! धोका आहे म्हणतोय ना? मग मजा तिथेच आहे. पळा, उडी मारा, सपासप वार करा, संपलं!"

"तुझं ते सपासपच मला पटत नाही," बापू टॉवेलने गाल पुसत म्हणाले. "तू एक वार केलास. समोरच्याने अजून केला नाही. तरी तू दुसरा करतोस. ही काय पद्धत झाली?"

"अहो, लढाई आहे ती!"

"लढाई असली म्हणून काय झालं? नंबर लावायचा की नाही?"

मेहुण्याने कपाळावर हात मारला. "भावोजी, तुमच्या आवडीचा गेम या जगात कुणी बनवणार नाही. तुम्हीच बनवा."

हे तो चिडवायला म्हणाला होता. पण बापूंच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. त्यात मेहुण्याने आणखी तेल ओतलं. शहरातल्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये हौशी लोकांनी बनवलेल्या गेमचं प्रदर्शन भरणार होतं. मुख्य अट एकच आणि ती मोठी विचित्र. प्रदर्शन बघायला आलेल्या एका तरी अनोळखी माणसाने तुमचा गेम तिथल्या तिथे शेवटपर्यंत खेळून संपवला पाहिजे. नातेवाईक नको, शेजारी नको, ऑफिसातला नको. बनवणाऱ्यांनी खेळणाऱ्याला एक अक्षरही सुचवायचं नाही. संपवला, तर गेम आयोजकांच्या संग्रहात जाणार आणि मग कुणालाही खेळता येणार. नाही संपवला, तर पिशवी उचलून घरी.

"एकच माणूस?" बापू म्हणाले. "एक तर मिळेलच!"

बापूंना त्या क्षणी काय वाटलं ते सरळच सांगतो. बापू दाखल्यांच्या कचेरीत खिडकी नंबर तीनवर बसत. आयुष्यभर त्यांनी काचेतल्या अर्धगोल भोकातून लोकांना एकच वाक्य सांगितलं होतं, "पुढच्या खिडकीवर जा." लोक जात. बापूंना आणखी काही विचारावं असं आजवर कुणालाही वाटलं नव्हतं. वास्तविक बापूंकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. कुणीतरी एका परक्या माणसाने आपलं सगळं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं, एवढीच त्यांची इच्छा होती. एवढीच म्हणजे केवढी, ते ज्याचं त्याला ठाऊक.

गेम बनवायला मेहुण्याने एक तयार साधन आणून दिलं. त्यात झाडं, घरं, माणसं, राक्षस यांचे साचे असत. ते उचलून ठेवायचे आणि माणसांच्या तोंडी वाक्यं लिहायची. ठेवायचं काम बापूंना जमलं. लिहायचं मात्र जमेना, कारण बापू एका बोटाने टाइप करत आणि अक्षर सापडेपर्यंत वाक्य विसरत.

तेव्हा वहिनी मदतीला आल्या. वहिनी म्हणजे बापूंची बायको. सगळी बिल्डिंग त्यांना वहिनीच म्हणते, म्हणून आपणही म्हणू. वहिनी कोर्टात टायपिस्ट होत्या. वकील बोलतो आहे तोवर त्यांची ओळ पूर्ण झालेली असे. चष्मा नाकावर, नजर समोर भिंतीवर, आणि बोटं आपापली कामं करताहेत. त्या काय टाइप करताहेत याबद्दल त्यांचं काही मत असेल, असं कुणाच्या मनातही येत नसे. बापूंच्याही आलं नाही.

"लिही," बापू येरझाऱ्या घालत म्हणत. "विहिरीजवळचे आजोबा. पहिल्यांदा विचारलं तर, उत्तरेकडे जाऊ नका. दुसऱ्यांदा विचारलं तर, माझा मुलगा गेला होता. तिसऱ्यांदा विचारलं तर, तो गेला त्या दिवशी आमचं भांडण झालं होतं, आणि चूक माझी होती."

टकटक थांबली. वहिनींनी चष्म्यावरून बघितलं. "हे चांगलं आहे हो," त्या म्हणाल्या.

बापूंची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण ताणलं गेलं. त्या दिवशी त्यांनी लोहार, न्हावी, नावाडी आणि दोन गाढवं एका दमात संपवली. गाढवांनाही दुसरं उत्तर होतं.

इथवर सगळं सुरळीत चाललं होतं, आणि असंच चाललं असतं तर ही गोष्टच झाली नसती. पण बापूंना आनंद पोटात ठेवता येत नाही. त्यांनी लिफ्टमध्ये सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं. सेक्रेटरींना सांगितलं म्हणजे बिल्डिंगच्या टाकीवर चढून कर्णा लावला असं समजायचं.

संध्याकाळी सेक्रेटरी हजर. त्यांनी पडद्यावरचं गाव नाक लावून बघितलं आणि हळूहळू त्यांचा चेहरा बदलला. "बापू, ही आपली बिल्डिंग आहे."

"छे छे, हे गाव आहे. हा पाटलाचा..."

"ही पाण्याची टाकी. ही सायकलींची शेड. हा जिना, इथेच मी मागच्या वर्षी घसरलो. आणि गावच्या वेशीवर हा जो ढेरपोट्या पहारेकरी झोपा काढतोय, तो कोण आहे?"

बापू पडद्याकडे नव्याने बघू लागले. गाव बनवायचं तर माणूस जे रोज बघतो तेच बनवणार, हे त्यांनी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. सेक्रेटरींनी खुर्ची ओढली. पहारेकरी जागा झाला. त्याचं पोट कमी झालं. आणि वेशीवर एक वही आली, जिच्यात गावात शिरणाऱ्या प्रत्येक वीराने नाव, कुठून आलात, कुणाकडे जायचंय आणि वाहन लावणार का, हे लिहिल्याशिवाय फाटक उघडणार नव्हतं.

"वीर घोड्यावरून येतो," बापूंनी क्षीण विरोध केला.

"मग घोडा बाहेर लावायचा. आत पाहुण्यांच्या वाहनांना जागा नाही."

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाई आल्या. गावाबाहेर राहणारी चेटकीण आपल्यावरून बेतली आहे असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. चेटकिणीच्या हातात पक्कड होती हे खरं; पण बापूंच्या मनात तसं काही नव्हतं, निदान मुद्दाम तरी नव्हतं. चेटकिणीची वैद्यीण झाली. शिवाय बाईंचा एक मूलभूत आक्षेप होता. "तुमचा हिरो ताकद यावी म्हणून दिवसभर मध पितो. गेमभर! आणि एकदाही चूळ भरत नाही. पोरं बघतात हो!" तेव्हापासून वीराने मध प्यायला की त्याला विहिरीवर जाऊन चूळ भरावी लागे. नाही भरली तर दाढ दुखे आणि दुखऱ्या दाढेने तलवार उचलत नसे.

मग मात्र रीघच लागली. बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला गेममध्ये यायचं होतं आणि प्रत्येकाला आहे त्यापेक्षा जरा उंच दिसायचं होतं. कुणाला संवाद वाढवून हवा होता, कुणाला शेजाऱ्याचा कमी करून. बापू सगळ्यांचं ऐकत, कारण लोक आपल्याला काहीतरी विचारताहेत याचीच त्यांना इतकी नवलाई होती की नाही म्हणायला तोंडच उघडेना. वहिनी टाइप करत होत्या.

यात ऑफिसने उडी घेतली. कर्मचाऱ्याने फावल्या वेळात कुठलीही निर्मिती करायची तर आधी परवानगी लागते, असं कुणीतरी बापूंच्या कानावर घातलं. बापू सरळमार्गी माणूस. त्यांनी अर्ज केला. मोठ्या साहेबांनी त्यांना आत बोलावलं.

"बसा. तुमच्या या गेममध्ये वीर किल्ल्याच्या शिपायाला सोन्याची मोहोर देतो आणि शिपाई दार उघडतो. बरोबर?"

"हो सर. म्हणजे सगळ्याच गेममध्ये..."

"सगळ्या गेमचं मला सांगू नका. शिपाई कामावर होता ना?"

"होता सर."

"मग हे काय आहे ते मी बोलून दाखवू का?"

मोहोर रद्द झाली. साहेबांनी पान उलटलं. "उत्तरेकडच्या गुहेतल्या या ड्रॅगनला मारायचा हुकूम कुणी दिला?"

"राजाने, सर. तोंडी."

"तोंडी?" साहेबांनी चष्मा काढून ठेवला. "बापू, तुम्ही इतकी वर्षं आपल्या खात्यात आहात. उद्या ड्रॅगन मेला आणि राजा म्हणाला मी असं म्हटलंच नव्हतं, तर तुमच्या त्या वीराने काय करायचं?"

आता खरं सांगायचं तर हा मुद्दा बापूंना मनापासून पटला. इतका पटला की परत येताना ते जिन्यात स्वतःशीच मान हलवत होते. वीर आता आधी प्रधानाची, मग सेनापतीची आणि शेवटी राजाची सही आणणार. प्रधान दुपारी जागेवर नसणार. परवानगी मिळाली आणि बापू आनंदाने उड्या मारत घरी आले.

मेहुण्याने गेम खेळून बघितला. वेशीवरची वही भरली, घोडा बाहेर लावला, मध प्यायला, चूळ भरली आणि प्रधानाच्या दारासमोरच्या बाकावर जाऊन बसला. बराच वेळ बसल्यावर त्याने माऊस खाली ठेवला.

"भावोजी, हा गेम आहे की तुमचं ऑफिस? माणसं कामं टाळून गेम खेळतात. तुम्ही गेममध्ये परत कामाला लावताय!"

"धीर नाही तुम्हा लोकांना."

"धीर आहे, पण आयुष्य संपेल! निदान तो ड्रॅगन तरी माझ्यावर सोडा. एक प्राणी तरी या गेममध्ये प्राण्यासारखा वागू दे."

बापूंनी उदार मनाने ड्रॅगन त्याला देऊन टाकला. मेहुण्याने त्याची ताकद ठरवली, दात बसवले, आग घातली. बापूंच्या डोक्यात फक्त माणसं राहिली होती. गेम पाठवायच्या दिवशी सगळं झालं, आणि वहिनींनी विचारलं, "ड्रॅगनचं काय लिहू?"

"लिही, गर्र."

"आणि दुसऱ्यांदा विचारलं तर?"

"अगं, ड्रॅगनला विचारतंय कोण!" बापू पायात चपला अडकवत म्हणाले. "मी खाली सेक्रेटरींना सांगून येतो. तू ते सगळं नीट बघ आणि पाठवून दे."

वहिनींनी चष्मा पुसला आणि त्या पुन्हा बसल्या.

प्रदर्शनाच्या दिवशी बापूंनी नवा शर्ट घातला. हॉल प्रचंड होता आणि प्रत्येक टेबलावरून काहीतरी फुटल्याचा आवाज येत होता. बापूंचं टेबल एका धडकाधडकीच्या मोटारींच्या गेमच्या शेजारी आलं होतं. बिल्डिंग झाडून आली होती, इस्त्रीचे कपडे घालून. त्यांना खेळता येणार नव्हतं, म्हणून ते टेबलाभोवती कडं करून उभे राहिले आणि जो कुणी जवळ येईल त्याच्याकडे असे रोखून बघू लागले की निम्मे लोक तिथूनच पळाले.

पहिला खेळणारा कॉलेजातला होता. वेशीवरची वही बघून त्याने विचारलं, "हे वगळता येतं का?" बापूंना तोंड उघडायची बंदी. तो उठला. दुसऱ्याने खोटं नाव टाकून फाटक पार केलं, तेव्हा सेक्रेटरींनी मागून असा निःश्वास सोडला की तो दचकला. आणि दाढ दुखायला लागल्यावर तोही गेला. दंतवैद्यबाई म्हणाल्या, "बघा, चूळ नाही भरली."

एक चष्मेवाला मात्र चिकट निघाला. त्याने तिन्ही सह्या मिळवल्या! बापू चवड्यांवर उभे राहिले. चष्मेवाला गुहेत शिरला, तलवार उपसली, पुढे सरसावला, आणि ड्रॅगनने नुसता श्वास सोडला तसा त्याचा कोळसा झाला. त्याने पुन्हा खेळून बघितलं. पुन्हा कोळसा. कपाळावर आठ्या घालून तो म्हणाला, "याला मारताच येत नाही," आणि मोटारींकडे वळला.

बापूंनी मेहुण्याकडे बघितलं. मेहुणा छताकडे बघत होता.

"काय केलंस तू?"

"भावोजी, मला वाटतं, ताकद लिहिताना एक शून्य जास्त पडलं."

"एक?"

"किंवा दोन."

बापूंना धरायला लागलं. एकदा पाठवलेला गेम बदलता येत नव्हता. म्हणजे इतके दिवस रक्त आटवून, ऑफिसची परवानगी काढून, गाढवांनासुद्धा बोलतं करून, आपण असा गेम बनवला की जो कुणी संपवूच शकत नाही! बापू खुर्चीवर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "अख्ख्या जगात मीच एक शहाणा," ते पुटपुटले. वहिनी त्यांच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. पण समोरून आयोजकांचा माणूस बिल्ला लावून चालला होता, पुढच्या खेळणाऱ्याच्या कानावर पडलं असतं, आणि नियम म्हणजे नियम. त्यांनी तोंड मिटलं.

हॉल बंद व्हायला थोडा वेळ उरला असताना एक बाई टेबलाशी आल्या. ठसठशीत बांधा, खांद्याला भली मोठी पिशवी. त्यांना पडद्यांच्या कापडांचं प्रदर्शन बघायचं होतं आणि त्या मजला चुकल्या होत्या. "पाय नुसते बोलायला लागलेत," म्हणून त्या खेळणाऱ्याच्या रिकाम्या खुर्चीत धपकन बसल्या. "हे काय आहे? हा कोण म्हातारा? एकटाच उभा आहे बिचारा."

आयोजकांच्या माणसाने त्यांना माऊस कसा धरायचा ते दाखवलं. एवढं चालत होतं.

बाईंनी वेशीवरची वही बघितली आणि त्यांचा चेहरा खुलला. "नाव लिहायचं का? हे बरं आहे. नाहीतर हल्ली कुणीही कुठेही शिरतं." सेक्रेटरींनी डोळे मिटून हात जोडले. बाई गावात शिरल्या. आता या बाई अशा होत्या, की कुणाच्या दारात दोन मिनिटं उभ्या राहिल्या तरी त्या घरची तीन पिढ्यांची माहिती घेऊनच हलणार. त्यांनी आजोबांना विचारलं. आजोबा म्हणाले, उत्तरेकडे जाऊ नका.

"का हो?" बाईंनी पुन्हा दाबलं. "अगंबाई, मुलगा गेला? कधी?" पुन्हा दाबलं. पिशवीतून रुमाल काढून त्यांनी नाक पुसलं. "भांडण काय, सगळ्यांच्याच घरी होतं हो," त्या पडद्याला म्हणाल्या.

बापू खुर्चीतून उठले. कुणीतरी विचारत होतं! त्यांच्या आजोबांना एक अनोळखी बाई तिसऱ्यांदा विचारत होती! बाईंनी लोहाराची सासू, न्हाव्याचा कर्जबाजारी भाऊ, नावाड्याचं मोडलेलं लग्न, सगळं काढून घेतलं. गाढवांनाही सोडलं नाही. प्रधानाच्या बाकावर तर त्या इतक्या आरामात बसल्या की शेजारी बसलेल्या दुसऱ्या पात्राशी त्यांची ओळख झाली. त्याच्या तोंडी वाक्यं आहेत हे खुद्द बापू विसरले होते. बिल्डिंगवाले आता एकमेकांच्या खांद्यांवरून बघत होते. "आता माझा नंबर!" "थांबा हो, मी आहे पुढे!" मोटारींच्या टेबलावरची मुलं इकडे सरकली. कडं दुप्पट झालं.

तिसरी सही मिळाली तेव्हा टाळ्या पडल्या. आणि बाई उत्तरेकडच्या गुहेत शिरल्या.

टाळ्या थांबल्या. मेहुण्याने डोळे झाकून घेतले. बापूंना वाटलं, पुढे होऊन माऊस हिसकावून घ्यावा, बाईंना म्हणावं, इथेच थांबा, इथवर आलात हेच खूप आहे. पण बोलता येत नव्हतं. पडद्यावर ड्रॅगनने मान उचलली. खाली दोन पर्याय आले. वार करा. बोला.

बाईंनी तलवारीकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी 'बोला' दाबलं.

"गर्र," ड्रॅगन म्हणाला.

"हो, गर्र, कळलं," बाई म्हणाल्या. "पण झालंय काय तुला?" आणि त्यांनी पुन्हा दाबलं.

पुढे काही लिहिलेलंच नव्हतं, हे बापूंना ठाऊक होतं. पण पडद्यावर अक्षरं उमटायला लागली.

"जो येतो तो तलवार घेऊन येतो. मला पंख आहेत, ते आजवर कुणी बघितलेच नाहीत. मागे बस. घट्ट धर."

"अगंबाई!" म्हणत बाईंनी 'बसा' दाबलं, आणि ड्रॅगन उडाला.

गुहेचं तोंड मागे पडलं. खाली शेतं, नदी, नावाड्याची होडी, वेस, वेशीवर टक्क जागा पहारेकरी. बाहेर लावलेला घोडा. विहिरीपाशी आजोबा, मुंगीएवढे. बापूंनी हे गाव घराघराने बांधलं होतं, पण वरून कधी बघितलं नव्हतं. ते इतकं देखणं असेल याची त्यांना कल्पना नव्हती. ड्रॅगनने गावाला एक मोठी गिरकी घातली, लोक माना वर करून बघायला लागले, आणि आभाळात मोठ्या अक्षरांत शब्द आला, समाप्त.

हॉलमध्ये जो काही गलका झाला त्याचं वर्णन करत नाही. सेक्रेटरींनी चष्मेवाल्याला मिठी मारली, जो फक्त परत येऊन उभा होता. मेहुणा शिट्ट्या वाजवत होता. आयोजकांच्या माणसाने बाईंना विचारलं, तुम्ही यांच्या कोण? बाई म्हणाल्या, "मी? मी पडदे बघायला आलेय." त्याने बापूंचा हात हलवला आणि गेम संग्रहात गेल्याचं जाहीर केलं. बाई पिशवी सावरत उठल्या. जाताना बापूंना म्हणाल्या, "तो मुलगा परत येतो का हो? तेवढं लिहा काहीतरी."

बापूंचे डोळे भरून आले होते. गर्दी पांगल्यावर त्यांनी वहिनींना बाजूला घेतलं. वहिनी शांतपणे चष्मा पुसत होत्या.

"तू लिहिलंस?"

"हो. साच्यांमध्ये उड्डाणाचा एक होता. तुम्ही तो कधी उघडलाच नाहीत. मला सुट्टी होती त्या दिवशी बसवला, आणि पाठवताना वाक्यं घातली."

बापू एक पाऊल पुढे आले. "माझं चुकलं. सगळ्यांना विचारलं, तुलाच नाही. इतकी वर्षं तुला असं कोंडल्यासारखं वाटत होतं, आणि मला पत्ता नाही. सांग, कुठे जायचंय तुला? आपण जाऊ. मी रजा टाकतो."

वहिनींनी चष्मा लावून त्यांच्याकडे नीट बघितलं. "अहो, काहीतरीच काय! मला कुठेही जायचं नाहीये. मला ज्या गेममध्ये उडता येतं ते गेम आवडतात, एवढंच. तुम्ही ऑफिसात असताना मी तेच खेळते. तुमच्या गेममध्ये सगळे नुसते चालतात आणि रांगेत उभे राहतात."

"तू खेळतेस?"

"आणि लढाई मला सपासपच आवडते. माझा भाऊ आहे ना तो, कुणाकडून शिकला? ड्रॅगनच्या शून्यांमुळे इथे लढाई जमली नसती, आणि ड्रॅगन तुम्ही त्याला दिलेला, म्हणून शून्यांना हात न लावता उडवला." त्यांनी चष्मा वर सरकवला. "बोलणंही थोडं जास्त झालंय."

"जास्त?" बापूंचा स्वर चिरकला. "किती जास्त?"

"निम्मं."

संग्रहात गेलेल्या गेमच्या निर्मात्याला हे ऐकून घ्यावं लागलं. हॉलमधले दिवे एकेक करून मालवत होते. मेहुणा वायरी गुंडाळायला आला, त्याला बापूंनी हातानेच थांबवलं. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली, कीबोर्ड स्वतःकडे घेतला आणि एक बोट वर धरलं.

"पुढच्या गेममध्ये काय हवंय ते सांग. मी लिहितो."

"हळू सांगू?"

"हळू."

वहिनी त्यांच्या मागे येरझाऱ्या घालायला लागल्या. "सुरुवातीलाच आभाळ. रस्ता नाही, वेस नाही, काही नाही. मागून वादळ येतंय आणि आपल्या हातात लगाम आहे." बापू वाकून एकेक अक्षर शोधत राहिले. वहिनींनी त्यांच्या खांद्यावरून वाचलं.

"पुसा ते," त्या म्हणाल्या. "मी पहारेकरी म्हटलेलं नाही."

बापूंनी मुकाट्याने पुसलं.